उठाव आणि झळाळी

फोटोशॉपमध्ये नाव टाइप करायचे, त्याला ‘बेव्हल अँड एम्बॉस’ लावायचे, वरून सोनेरी ग्रेडियंट ओढायचा आणि खाली सावली टाकायची. एवढ्याने अक्षर पडद्यावरून उठून येते. उत्सवाचा फ्लेक्स, सराफाची जाहिरात, ऐतिहासिक चित्रपटाचे पोस्टर, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाचे बोधचिन्ह, सगळीकडे अशी अक्षरे भेटतात. त्यांतली बहुतेक उठावाची खरी, पण धातूची वाटत नाहीत. चकचकीत प्लॅस्टिकची वाटतात. माझे म्हणणे असे की यात हाताची सफाई कमी पडलेली नसते, मेहनत चुकीच्या जागी खर्ची पडलेली असते. कडेच्या उतारामुळे उठाव मिळतो. धातू मात्र ओळखू येतो तो त्याच्या अंगावर आसपासचे काय आणि कसे उमटले आहे यावरून. हे न पटणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांचे मुद्दे वजनदार आहेत. म्हणून अशी कामे रोज हातावेगळी करणारा एक डिझायनर समोर बसला आहे असे धरून हा वाद मांडतो.

डिझायनर: तुम्ही प्लॅस्टिक म्हणता, पण हे साधन आम्हाला किती उपयोगी पडले ते आधी लक्षात घ्या. १९९८ साली फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत लेअर इफेक्ट आले. त्याआधी असा उठाव आणायचा तर चॅनेलमध्ये अक्षराच्या प्रती करा, त्या धूसर करा, सरकवा, एकमेकींतून वजा करा, असा खटाटोप होता. शब्द बदलला की सगळे पहिल्यापासून. आज शब्द बदलला तरी उठाव आपोआप बदलतो. गिऱ्हाइकाला सोनेरी, भारदस्त नाव हवे असते, ते त्याला मिळते, आणि बघणाऱ्याला ते सोनेच म्हणून कळते. मग अडले कुठे?

लेखक: साधन उत्तमच आहे, ते नेमके काय करते एवढेच पाहू. अक्षराच्या आतला प्रत्येक बिंदू कडेपासून किती दूर आहे हे ते मोजते, त्या अंतरावरून एक उतार कल्पिते, मग तुम्ही सांगितलेल्या कोनात एक दिवा धरते. दिव्याकडच्या उतारावर पांढरा रंग ‘स्क्रीन’ पद्धतीने चढतो आणि पलीकडच्या उतारावर काळा रंग ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने. यात कुठेही धातू आलेला नाही. हाच उतार आणि हाच पांढरा-काळा साबणाच्या वडीला चालेल, प्लास्टर ऑफ पॅरिसला चालेल. संगणक-चित्रणाच्या क्षेत्रात ही अडचण फार लवकर ध्यानात आली होती. बुई तुओंग फोंग यांनी १९७५ साली चकाकीचे जे गणित प्रसिद्ध केले, त्यातली चकाकी दिव्याच्या रंगाची असे, आणि त्या गणिताने काढलेल्या वस्तू प्लॅस्टिकच्या वाटत. रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी १९८२ च्या निबंधात त्याचे कारण मांडले आणि दोन चित्रे दिली: एक तांब्याच्या रंगाच्या प्लॅस्टिकचे भांडे आणि एक खरोखर तांब्याचे वाटणारे भांडे. प्लॅस्टिकमध्ये रंग आतल्या कणांचा असतो आणि चमक वरच्या पारदर्शक थरावरून जशीच्या तशी परत येते, म्हणून ती पांढरी. धातूत असा आतला रंग नसतोच. जो प्रकाश परततो तो पृष्ठभागावरूनच परततो, म्हणून धातूचा रंग त्याच्या चमकेतच मिसळलेला असतो.

आकडे पाहिले तर फरक आणखी ठळक होतो. प्लॅस्टिकवर किंवा काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के परावर्तित होतो. चकचकीत चांदी दृश्य प्रकाशापैकी ९० टक्क्यांहून जास्त परत देते. सोने तांबड्या प्रकाशाच्या बाबतीत चांदीच्या जवळ जाते, पण निळ्या प्रकाशापैकी ४० टक्क्यांच्या आसपासच परत देते, उरलेला शोषते. त्याचा पिवळेपणा हाच. तेव्हा तुमच्या सोनेरी अक्षरावरची शुभ्र चमक हा सोन्याच्या विरोधातला पुरावा ठरतो. ती फिकट पिवळी करा आणि सावलीतला काळा काढून गडद तपकिरी घाला. ही दुरुस्ती दोन क्लिकची आहे, आणि मेहनतीच्या मानाने तिचा परिणाम सर्वांत मोठा आहे.

डिझायनर: रंगाचे मान्य. पण आसपासचे उमटले पाहिजे, हे जरा पुस्तकी वाटते. एअरब्रशच्या काळात क्रोमची अक्षरे कशी काढत? वर निळा, मधे गडद पट्टा, खाली तपकिरी. कुठलाही परिसर नाही, ठरलेली कृती. आम्ही तेच ग्रेडियंटने करतो आणि लोकांना ते क्रोम दिसते. तुमच्या सिद्धांताशिवायच काम होते आहे.

लेखक: ती कृती चालते, कारण तिच्यात परिसर आहे. वरचा निळा म्हणजे आकाश, गडद पट्टा म्हणजे क्षितिजाजवळची झाडे-घरे, तपकिरी म्हणजे जमीन. एअरब्रशवाल्यांनी उघड्या माळावरचा आरसा काढला होता. पुढच्यांनी रंग उचलले, पण माळ ते विसरले. मग ग्रेडियंटमध्ये पाच-सात पट्टे कसेही येऊ लागले आणि अक्षर चुरगळलेल्या चमकी कागदासारखे दिसू लागले. माणसाची नजर या बाबतीत किती चोखंदळ असते यावर रोलंड फ्लेमिंग, रॉन ड्रोर आणि एडवर्ड एडेलसन यांचे २००३ सालचे काम आहे. गोळ्याची चकाकी किती, हे लोकांना जुळवायला सांगितले, तेव्हा खऱ्या जगातून टिपलेला प्रकाश असताना ते अचूक जुळवत. एकटा बिंदूसारखा दिवा किंवा निव्वळ गोंधळाचा नमुना वापरला की अचूकपणा घसरत असे. म्हणजे परिसरातले तपशील पाहणाऱ्याला ओळखू आले नाहीत तरी चालते, पण त्यांची ठेवण खऱ्या जगाची लागते: वरची बाजू उजळ, काही कडा तीव्र, काही मऊ, उजेडाचे मोजके उगम आणि बाकी मध्यम छटा. बेव्हलचा एकुलता एक दिवा हा या प्रयोगातला पडेल उमेदवार आहे.

त्यातून कामाची रीत बदलते. भिंतीवर उभ्या बसवलेल्या पितळी नावाचा विचार करा. अक्षराचा सपाट दर्शनी भाग समोरचे दाखवतो, म्हणजे पाहणाऱ्याच्या पाठीमागे जे आहे ते: रस्ता, समोरची इमारत, एखादी सावलीतली भिंत. म्हणून दर्शनी भाग बहुतेक वेळा मध्यम किंवा गडद असतो, आणि हीच गोष्ट पोस्टर करणाऱ्यांना मान्य होत नाही. त्यांना दर्शनी भागच सर्वांत उजळ हवा असतो. वरच्या कडेचा उतार आकाश दाखवतो, खालच्या कडेचा जमीन, बाजूचे उतार डावी-उजवीकडचे. उजेड-अंधाराची वाटणी अशी बसली की सोने सोने दिसू लागते, आणि मग ‘डेप्थ’ची पट्टी टोकापर्यंत ओढावी लागत नाही. परिसर हवा तर जिथे ते नाव दिसणार आहे त्याच जागेचा फोटो घ्यावा, चांगला धूसर करावा, क्लिपिंग मास्कने अक्षरात बसवावा आणि ‘डिस्प्लेस’ फिल्टरने उतारांवर थोडा सरकवावा. या फिल्टरला सरकवण्यासाठी एक करडा नकाशा लागतो, आणि अक्षराची कडेला धूसर केलेली काळी-पांढरी प्रत तो नकाशा म्हणून पुरते. पितळेसाठी वर पिवळ्या रंगाचा ‘मल्टिप्लाय’ थर ठेवला की निळा प्रकाश आपोआप दबतो. पॉलिश न केलेल्या, घासलेल्या स्टीलला परिसर ओळखीचा उरत नाही. तो घासण्याच्या रेघांना आडवा पसरतो. तिथे ‘नॉइज’ टाकून ‘मोशन ब्लर’ने रेघा ओढण्याची जुनी युक्ती योग्यच आहे, फक्त चमकेचा पट्टा त्या रेघांना काटकोनात गेला पाहिजे.

डिझायनर: ही रीत इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या धड्यांतही मिळते. मराठी नावाला तीच लावली की झाले. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरेही आता नीट येतात.

लेखक: जोडाक्षरे येतात, पण धातू येत नाही, आणि या ठिकाणी मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते. धड्यांमधली अक्षरे बहुधा रोमन कॅपिटल असतात: सुटी, एका उंचीची, वर-खाली काही नसलेली. ‘राजगड’ आणि ‘सिंहगड’ ही दोन नावे एका ओळीत, एकाच पाटीवर, पण दोन लेअरवर घ्या. ग्रेडियंट ओव्हरलेमध्ये ‘अलाइन विथ लेअर’ चालू असेल तर ग्रेडियंट त्या त्या लेअरच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पसरतो. ‘राजगड’मध्ये शिरोरेषेच्या वर काही नाही, म्हणून क्षितिजाचा गडद पट्टा अक्षरांच्या मध्यावर येतो. ‘सिंहगड’मध्ये वेलांटी आणि अनुस्वार वर जातात, त्यामुळे पट्टा शिरोरेषेकडे सरकतो. ‘सुवर्णदुर्ग’ घेतले तर वर रफार, खाली उकार, हिशेब पुन्हा निराळा. एकाच पाटीवर दोन क्षितिजे पाहणाऱ्याला सांगता येणार नाहीत, पण खटकतील. उपाय सोपा आहे: तो पर्याय बंद करून ग्रेडियंट पूर्ण चित्राला धरून ठेवावा, किंवा परिसराचा एकच थर सगळ्या नावांवर पसरावा. शिरोरेषेचा प्रश्न याच जातीचा. रोमन शब्द हा धातूच्या अनेक तुकड्यांचा असतो. मराठी शब्द शिरोरेषेमुळे सलग एक तुकडा होतो. तेव्हा त्या रेषेवरचे प्रतिबिंबही शब्दभर सलग वाहायला हवे. जुन्या फाँटमध्ये रफार किंवा मात्रा जागेवर बसत नाही म्हणून ती वेगळ्या लेअरवर ठेवून सरकवली, तर तिला स्वतःचा बेव्हल लागतो आणि जोडावर शिवण दिसते. असे भाग आधी एका आकारात विलीन करावेत आणि मगच उठाव द्यावा.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. बोरूच्या वळणाच्या अक्षरात जाड आणि बारीक रेघा शेजारी शेजारी असतात. बेव्हलची ‘साइझ’ रेघेच्या निम्म्या जाडीपेक्षा मोठी झाली की दोन्ही बाजूंचे उतार मधे भेटतात आणि धार तयार होते. मध्यम साइझ घेतली तर जाड रेघेवर सपाट माथा उरतो आणि बारीक रेघेवर धार येते, तीही कमी उंचीची, कारण उंची कडेपासूनच्या अंतरावरून ठरते. छिन्नीने घडवलेल्या अक्षरात हे शोभते. ओतलेल्या किंवा पत्र्यातून कापलेल्या अक्षरात असे होत नाही; तिथे माथा सगळीकडे एका पातळीत असतो. म्हणून साइझ ठरवताना सर्वांत बारीक रेघ मोजावी, आणि ‘भ’, ‘म’ यांच्या गाठींतली पोकळी सावलीने बुजत नाही ना हे पाहावे.

डिझायनर: छिन्नी, ओतकाम, पत्रा... तुम्ही कारखान्यात शिरलात. मी चित्र करतो, वस्तू करत नाही. अक्षर कसे घडले याचा पाहणाऱ्याशी संबंध काय?

लेखक: पाहणाऱ्याला जे दिसते ते घडण्यातूनच आलेले असते. शिवराई घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, अक्षरे उठावाची. ठशात ती खोल आणि उलटी कोरलेली. तांब्याच्या चकतीवर ठसा ठोकला की धातू त्या खोलगट जागेत चढतो. त्यामुळे अक्षरांच्या कडा गोलसर असतात, अनेक नाण्यांवर ठसा पुरता उमटलेला नसतो, आणि हातोहात फिरून उंच भाग गुळगुळीत झालेला, तर अक्षरांच्या मुळाशी काळपट किंवा हिरवट थर साचलेला असतो. तुमच्या बेव्हलचा ‘चिझल हार्ड’ प्रकार इथे चुकीचा. ‘स्मूद’ घ्या, कडा किंचित वेड्यावाकड्या करा, आणि उंच जागी चकाकी व मुळाशी मळ, अशी वाटणी करा. आता भीमाशंकरच्या देवळापुढची घंटा पाहा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यानंतर तिकडच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आल्या, त्यांतली ती एक समजली जाते. तिच्यावर १७२९ हा आकडा आहे. ओतीव धातूचे अंग साच्याचा दाणा घेऊन येते, कडा मऊ असतात, आणि अक्षर व पाठीमागचे अंग एकाच रंगाचे, एकाच धातूचे असते. पाठीमागे काळा मखमली रंग आणि वर तरंगते सोने, ही पोस्टरांवरची मांडणी ओतकामात संभवत नाही.

तिसरा प्रकार आजच्या दुकानांचा, स्टीलच्या पत्र्यातून कापून बाजूला भिंत जोडलेली अक्षरे. त्यांचा दर्शनी भाग पूर्ण सपाट असतो. बेव्हल नावाची गोष्टच तिथे नसते. तिथे बाजूची जाडी आणि पाटीवर पडणारी सावली हेच सर्व काही. अक्षर पाटीला चिकटलेले असेल तर सावली मुळापासून, गडद आणि अरुंद सुरू होऊन मऊ होत जाते. खुंट्यांवर पुढे उचललेले असेल तर सावली अक्षरापासून सुटी पडते. ‘ड्रॉप शॅडो’ एकाच मऊपणाची सावली देतो, म्हणून दोन लागतात, एक जवळची आणि एक लांबची. अनुस्वाराचा ठिपका तर शिरोरेषेला कुठेच जोडलेला नसतो, त्याला स्वतःची खुंटी लागते. चित्रात त्याची सावली शब्दाच्या सावलीइतकीच सरकलेली हवी. तुम्ही म्हणता मी वस्तू करत नाही. पण महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीतले मराठी नाव, तेही अन्य लिपीपेक्षा लहान नसलेले, सक्तीचे झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिने दिले. अशा पाटीचे आधी पडद्यावर चित्र होते, दुकानदार त्या चित्रावर होकार देतो, मग कारागीर अक्षरे कापतो. चित्रातली फुगीर, सोनेरी कड पत्र्यात होणारच नसेल तर तुम्ही दुकानदाराला न मिळणारी वस्तू दाखवली आहे.

डिझायनर: इतकी खोल चौकशी करायची तर थ्रीडी सॉफ्टवेअरच का घेऊ नये? तिथे प्रतिबिंब, सावली, सगळे आपोआप.

लेखक: पाटी चार कोनांतून दाखवायची असेल तर अवश्य घ्या, ब्लेंडर फुकट मिळते. फोटोशॉपमध्येही २०१० च्या सीएस-५ च्या विस्तारित आवृत्तीत अक्षरांना जाडी देण्याची सोय आली होती, पण २०२१ पासून अडोबीने फोटोशॉपमधला थ्रीडी विभाग काढून टाकायला घेतला. तिथे गणित यंत्र करते, पण परिसर कोणता, धातू ओतीव की कापीव, कड किती गोल, हे तुम्हालाच सांगावे लागते. नाही सांगितले तर तिथेही रिकाम्या करड्या खोलीतले निर्जीव स्टील मिळते.

डिझायनर: मग माझा खरा आक्षेप ऐका. हा मुलामा लागतोच कशाला? कमल शेडगे यांनी नाटकांची आणि मासिकांची नावे घडवली ती वर्तमानपत्राच्या काळ्या शाईत. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातच असे, सोने-चांदी चढवावी लागली नाही. मला वाटते, तुम्ही खोटेपणा अधिक निर्दोष कसा करावा हे शिकवता आहात.

लेखक: हा सर्वांत मोलाचा आक्षेप आहे आणि त्याचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. वळण अशक्त असेल तर धातू ते लपवत नाही, उलट चव्हाट्यावर आणतो, कारण प्रत्येक कडेला उजेड आणि अंधाराची दुहेरी रेघ मिळते. म्हणून नाव आधी सपाट काळ्यात उभे करून पाहावे आणि ते तिथे पडले तर पुढे जाऊच नये. पण उठावाचा धातू हा परका दागिना आहे असे मला वाटत नाही. आपल्या छपाईचाच पाया त्यावर आहे: मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने ज्या खिळ्यांमुळे नाव कमावले, ते खिळे म्हणजे शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाची ओतीव उठावाची अक्षरे होती. नाण्यावर, घंटेवर, पुतळ्याच्या चौथऱ्यावर आपण धातूचे अक्षर शतकानुशतके वाचत आलो आहोत, आणि टिकाऊपणाचा, अधिकाराचा अर्थ त्याला चिकटला आहे. विषय तो अर्थ मागत असेल तर धातू दाखवणे खोटेपणा नाही. रंगचित्रकार मखमल काढतो तेव्हा तो कापड विकत नसतो. खटकते ते अर्थ न मागता लावलेले सोने, आणि त्याहून अधिक, न पाहता लावलेले. तांबट आळीतल्या मठारकामाच्या भांड्यावर ठोक्यागणिक उजेड कसा फुटतो हे ज्याने निरखले आहे, तो तांब्याच्या अक्षरावर एकसारखा ग्रेडियंट ठेवूच शकणार नाही.

डिझायनर: आणि हे सगळे शेवटी फ्लेक्सवर छापले, चौकात वीस फुटांवर लावले की? शाईला झळाळी नसते. तुमचे धूसर परिसर आणि दोन सावल्या तिथे कुणाला दिसणार?

लेखक: बारकावे जातील. मोठी वाटणी टिकेल: वरचा उतार उजळ, दर्शनी भाग मध्यम, मुळाशी गडद. लांबून नजर तेवढ्यावरच धातू ओळखते आणि उठाव की खोल हेही तेवढ्यावरच ठरवते. उजेड वरून येतो असे आपण गृहीत धरतो, हे व्ही. एस. रामचंद्रन यांच्या १९८८ च्या प्रयोगांत स्पष्ट दिसले. जेनिफर सन आणि पिएत्रो पेरोना यांना १९९८ मध्ये तो कल किंचित डावीकडे झुकलेला आढळला. दिवा खालून धरलात तर वीस फुटांवर तुमचे उठावाचे नाव कोरलेले दिसेल. पाठीमागच्या फोटोत ऊन उजवीकडून असेल तर ‘ग्लोबल लाइट’चा कोन त्याप्रमाणे फिरवणे एवढे तरी फ्लेक्सलाही परवडते. लग्नपत्रिकेचे मात्र वेगळे. तिथे सोनेरी फॉइल आणि एम्बॉस खरेखुरे होते, कागद खराच उचलला जातो. तेव्हा छपाईवाल्याला बेव्हल, ग्रेडियंट, सावली यांतले काहीही देऊ नका. शुद्ध काळा, कडा स्वच्छ असलेला व्हेक्टर आकार द्या. झळाळी फॉइल आणेल. तुमच्याकडचे काम एवढेच की ‘श्री’ आणि ‘शुभ’ यांसारख्या अक्षरांतली बारीक पोकळी फॉइल चिकटताना भरून जाते, म्हणून ती नेहमीपेक्षा थोडी मोकळी करून पाठवा, आणि उकार-रफाराच्या टोकांना केसाएवढी बारीक रेघ ठेवू नका.